पट्टा पाठीला, दाब पोटाला: बाक आलेल्या पाठीसाठी मिळणाऱ्या वस्तूंचं परीक्षण

सर्जिकलच्या दुकानात मिळणारा कमरेचा साधा पट्टा, म्हणजे एलएस बेल्ट, पाठीकडच्या बाजूने साधारण नऊ-दहा इंच रुंद असतो. पाठीला चांगलाच बाक आलेल्या सत्तरीपुढच्या बाईला उभं करून शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली, तर पुष्कळदा दोन बोटंही मावत नाहीत. बसल्यावर तेवढीही जागा उरत नाही. दोन बोटांच्या जागेत नऊ इंचांचा पट्टा बसवायचा म्हटल्यावर तो वर फासळ्यांवर चढणार, खाली ओटीपोटात रुतणार आणि मधल्या जठराला पिळणार. दोन दिवसांनी घरचे सांगतात, "पाठ जरा बरी आहे, पण रात्रभर घशाशी येत होतं." मग पित्ताची गोळी वाढते, पट्टा मात्र तसाच राहतो.

या वस्तूंची परीक्षणं बहुतेक वेळा पाठीच्या बाजूने लिहिलेली असतात: आधार किती, वेल्क्रो टिकतं का, घाम येतो का. इथे त्या पोटाच्या बाजूने पाहिल्या आहेत.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. हाडं ठिसूळ झाली की मणका पुढच्या बाजूने चेपतो आणि पाचरीसारखा होतो. असे तीन-चार मणके बसले की उंची कमी होते आणि पाठीला पोक येतं. छातीच्या मणक्यांचा नेहमीचा बाक २० ते ४० अंशांचा असतो, तो ६०-७० च्या पुढे गेला की धड आखूड होतं. आतले अवयव काही आखूड होत नाहीत. ते पुढे येतात, म्हणून वजन न वाढताही पोट सुटल्यासारखं दिसतं. वरही सरकतात आणि छाती-पोटामधल्या पडद्याला रेटतात. अन्ननलिका ज्या भोकातून खाली उतरते ते भोक सैल पडतं, जठराचा वरचा भाग त्यातून छातीत घुसतो. यालाच हायटस हर्निया म्हणतात. दोन घास खाल्ले की पोट भरणं, करपट ढेकर, आडवं झालं की आंबट पाणी तोंडात येणं, रात्रीचा कोरडा खोकला, चार-चार दिवस पोट साफ न होणं, ही सगळी त्याच आखूड झालेल्या धडाची लक्षणं असू शकतात. लहानपणी मणक्याचा टीबी होऊन कुबड राहिलेल्या माणसांचंही असंच होतं. त्यांचा बाक गोलसर नसतो, एका टोकदार कोनात असतो, एवढाच फरक.

काहीही विकत घेण्याआधी दोन मापं घरीच घ्यावीत. पहिलं वर सांगितलेलं दोन बोटांचं. दुसरं भिंतीचं: टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभं राहायचं आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीपासून किती लांब राहतो ते पट्टीने मोजायचं. निरोगी पाठीत ते अंतर शून्य असतं. मग पलंगावर उताणं झोपवून, उशी न देता, दोन-तीन मिनिटांनी डोकं गादीला टेकतं का ते पाहायचं. टेकलं तर बाक लवचीक आहे, पट्ट्याने थोडाफार उघडेल. नाहीच टेकलं तर मणक्यांचाच आकार बदललेला आहे, आणि तो उघडण्याचं आश्वासन देणारी कोणतीही वस्तू घेण्यात अर्थ नाही. पडण्याची भीती असेल तर भिंतीचं माप घेताना कोणीतरी शेजारी उभं राहायला हवं.

पट्टे

एलएस बेल्ट: कमरेच्या दुखण्यासाठी, तरुण आणि लांब धडाच्या माणसाला ठीक. बाक छातीच्या मणक्यांत असेल तर तो चुकीच्या जागीच बसतो. त्याचं कामच पोट आवळून आतला दाब वाढवण्याचं आहे, कमरेला आधार मिळतो तो त्या दाबातून. जठराची झडप सैल असलेल्या माणसाला नेमका हाच दाब नडतो. नुसत्या कमरपट्ट्यानेही जठराचा वरचा भाग वर सरकतो आणि आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या टोकात शिरतं, हे ग्लासगोच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं होतं, आणि तेही कसलीही तक्रार नसलेल्या माणसांमध्ये. बाकदार पाठ आणि ॲसिडिटी या जोडीला आमचं एलएस बेल्टबद्दलचं मत सरळ आहे: घेऊ नका. घेतलाच असेल तर चालताना किंवा ओट्यापाशी उभं राहताना अर्धा-पाऊण तास लावावा आणि बसण्याआधी काढावा. जेवताना तर नकोच.

टेलर ब्रेस: पाठीवर दोन उभ्या धातूच्या पट्ट्या, खांद्यावरून काखेतून जाणारे दोन पट्टे, कमरेभोवती एक पट्टा आणि पोटावर रुंद कापडी पडदा. न्यूयॉर्कच्या डॉ. टेलर यांनी १८६३ च्या सुमारास मणक्याच्या टीबीसाठी तो काढला. मूळ कल्पना अजून तीच आहे. मणका नुकताच दबला असेल, उठताना-बसताना कळ येत असेल, तर डॉक्टर सहा ते बारा आठवडे तो लावायला सांगतात आणि तेव्हा तो खरोखर उपयोगी पडतो. त्रास होतो तो लावण्याच्या पद्धतीमुळे. घरात तो पोटाच्या पडद्यापासून घट्ट करायला सुरुवात करतात, कारण वेल्क्रो समोर दिसतं. उलट क्रम हवा. आधी कमरेचा पट्टा नितंबांच्या उंचवट्यावर, बेंबीच्या बराच खाली बसवायचा. मग खांद्याचे पट्टे मागे ओढून पाठीच्या पट्ट्या अंगाला लावायच्या. पोटाचा पडदा शेवटी, आणि तोसुद्धा आत पूर्ण तळहात सरकेल इतका सैल. पडद्याची वरची कड फासळ्यांच्या मधल्या खळगीच्या किमान तीन बोटं खाली राहिली पाहिजे. तयार मापात हे जमत नाही, कारण पडद्याची उंची लांब धडाला धरून ठरवलेली असते. शिलाईवाल्याकडून वरची दीड-दोन इंचांची पट्टी अर्धगोल कापून कड शिवून घेतली तर पुष्कळ फरक पडतो. आधार मुख्यतः पाठीच्या पट्ट्यांतून येतो, त्यामुळे एवढं कापड काढल्याने सहसा बिघडत नाही. तरी ज्यांनी ब्रेस लिहून दिला त्यांना कापण्याआधी दाखवावं.

पाठीच्या या धातूच्या पट्ट्या सरळच विकल्या जातात. त्या माणसाच्या बाकाप्रमाणे हाताने वाकवून घ्यायच्या असतात आणि हे काम ऑर्थोटिस्टचं, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाचं आहे. सरळ पट्टी वाकलेल्या पाठीवर बांधली की ती फक्त पोकाच्या टोकावर टेकते, तिथली कातडी दोन दिवसांत लाल होते आणि पट्टी टेकावी म्हणून घरचे पोटाचा पडदा आणखी आवळतात.

पोश्चर करेक्टर नावाचा इंग्रजी आठच्या आकाराचा पट्टा ऑनलाइन सर्वात जास्त खपतो. तो खांदे मागे ओढतो, बस्स. पोटाला त्रास देत नाही हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण घट्ट झालेला बाक त्याने हलत नाही. काखेत तो काचतो, हाताला मुंग्या येतात आणि महिन्याभरात कपाटात जातो. मोबाइलवर वाकून बसणाऱ्या नातवासाठी घ्यायचा तर घ्या.

तीन ठिकाणी दाब देणारा, समोर छातीवर आणि जांघेच्या वर एकेक गादी आणि मागे एक पट्टा असलेला ब्रेस मिळतो. दुकानात त्याला एएसएच ब्रेस म्हणतात. पोटाचा मधला भाग त्यात मोकळा राहतो, हे पचनाच्या दृष्टीने टेलरपेक्षा चांगलं. मात्र बसल्यावर खालची गादी ओटीपोटात घुसते, वरची गळ्याशी येते. हाडं खूप ठिसूळ असतील तर मागे रेटण्याचा हा जोर मणक्यांना झेपेल की नाही ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

पोटाच्या बाजूने सर्वात बरी रचना म्हणजे पाठीवर वाकवलेली एकच ॲल्युमिनियमची पट्टी आणि ती पाठपिशवीसारखी अडकवणारे पट्टे. पोटावर हलकं कापड असतं, आवळण नसतं. जर्मनीत या प्रकाराची ६२ स्त्रियांवर चाचणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. सहा महिने वापरणाऱ्यांच्या पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली आणि बाकही थोडा उतरला. हा पट्टा पाठ धरून ठेवत नाही. वाकलं की ओढ जाणवते आणि माणूस आपणहून सरळ होतो. म्हणून तो दिवसभर लावायचा नसतो, रोज दोनेक तास पुरतात. आयात केलेला नग महाग पडतो. मापाचा करून घ्यायचा असेल तर मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवण्याचा विभाग असतो, तिथे विचारावं.

पूर्ण प्लास्टिकचं जाकीट करावं लागलं तर एक गोष्ट आधीच बोलून घ्यायची: जठराच्या जागी खिडकी. पूर्वी प्लास्टरचं जाकीट घालत तेव्हाही पोटावर असा झरोका कापत. त्याचं कारण नुसता आराम नव्हता. अंगावर घट्ट कवच, पाठ एकदम ताणलेली आणि वजन घटलेलं, असं जुळून आलं की लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कात्रीत दाबला जातो. जेवण पुढे सरकत नाही, पोट तट्ट फुगतं, हिरवट उलट्या होतात आणि डाव्या कुशीवर किंवा पालथं झाल्यावर जरा बरं वाटतं. ब्रेसनंतर किंवा मणक्याच्या ऑपरेशननंतर असं काही दिसलं तर दुकानदाराला फोन न करता रुग्णालय गाठावं.

परकराची नाडी

या यादीतली सर्वात स्वस्त वस्तू म्हणजे दोन मीटर लांबीचं रुंद इलॅस्टिक. पंचवीस वर्षांपूर्वी कमरेवर बसणारी परकराची नाडी धड आखूड झाल्यावर थेट फासळ्यांखाली येते. बाईला सवय असते ती साडी सुटू नये म्हणून नाडी करकचून बांधण्याची. नऊवारी असेल तर त्यावर ओचा आणि केळं खोचलेलं, म्हणजे जठरावर कापडाची गुंडाळीच. संध्याकाळी नाडी सोडल्यावर कातडीवर बोटभर खोल वळ दिसत असेल तर हा दिवसभर बांधलेला पट्टाच आहे असं समजा. बाप्यांच्या पायजम्याचं आणि लेंग्याचंही तेच. नाडी काढून दीड इंच रुंद मऊ इलॅस्टिक घालावं, माप बसलेल्या स्थितीत आणि जेवणानंतर घ्यावं. काही जणींना खांद्यावरून लटकणारा परकर, म्हणजे पेटीकोटला कापडी बंद लावलेला, जास्त सोयीचा जातो. हजार-दीड हजाराच्या पट्ट्याआधी हे करून पाहावं.

उतरती उशी आणि पलंगाचे खूर

वेज पिलो या नावाने विकली जाणारी उतरती उशी ही बाकदार पाठ आणि ॲसिडिटी या जोडीसाठी घेण्यासारखी चांगली वस्तू आहे, फक्त बाजारातल्या निम्म्याअधिक उशा चुकीच्या मापाच्या आहेत. आखूड उशी खांद्यांपासून सुरू होते. तिच्यावर झोपलं की धड पोटात दुमडतं, जठर आणखी दाबलं जातं आणि आंबट पाणी कमी होण्याऐवजी वाढतं. उशीची पातळ कड नितंबांखाली आली पाहिजे, म्हणजे दुमड जांघेत पडते, पोटात नाही. माप घ्यायचं ते कुशीवर झोपवून, जांघेच्या घडीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत. उंची कमी झालेल्या बहुतेक बायकांचं हे माप २४ इंचांच्या आसपास येतं, उंच माणसाला ३० इंच लागतात.

उंची सात-आठ इंच पुरे. २४ इंच लांबीवर ८ इंच चढ म्हणजे सुमारे १८ अंश. बारा इंची उशी २६ अंशांच्या वर जाते, तिच्यावरून माणूस रात्रभर खाली घसरतो आणि पहाटे मधल्या उतारावर पाठ आणि सपाट गादीवर कंबर अशा अवस्थेत सापडतो. विकत घेताना उंचीपेक्षा फोम पाहावा. मऊ फोमची आठ इंची उशी पन्नास किलोच्या माणसाखाली पाचच उरते. ४० डेन्सिटीचा फोम मागावा, वर एक-दीड इंच मऊ थर. गादीवाल्याला २४ बाय २४ आणि ८ इंच चढ असं कागदावर काढून दिलं की तो कापून, गवसणी शिवून देतो. ऑनलाइन तयार उशीपेक्षा ही बहुधा टिकाऊ निघते. पोकाच्या टोकाला टोचतं म्हणून काही जण फोमला तिथे भोक पाडून घेतात, ते करू नये. भोकाच्या कडेवर दाब येतो आणि तिथला रक्तपुरवठा तुटतो. जखम व्हायला वेळ लागत नाही. मऊ थर वाढवणं बरं.

यात सगळ्यांत जास्त गोंधळ नेहमीच्या उशांचा होतो. बाकदार पाठीच्या माणसाचं डोकं गादीला टेकत नाही, म्हणून त्याला दोन-तीन उशा लागतातच. त्या डोक्याखालची पोकळी भरायला असतात. पित्तासाठी लागणारा चढ ही वेगळी गोष्ट. उशांवर उशा रचून चढ करायला गेलं की हनुवटी छातीला टेकते, श्वास कोंडतो आणि आम्ल आहे तिथेच राहतं. आधी सपाट गादीवर पोकळी मोजावी, तेवढी उशी ठरवावी आणि ती उशी तशीच ठेवून खाली चढ द्यावा.

हा चढ द्यायचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे पलंगाचे डोक्याकडचे खूर सहा ते आठ इंच उचलणं. सहा फुटी पलंगाला सहा इंच उचललं की चढ पाच अंशांपेक्षाही कमी येतो, पण धड कुठेच दुमडत नाही. सरळ किंवा थोडाच बाक असलेल्या पाठीला वेज चालते, खूप बाक असलेल्याला मात्र आम्ही आधी हेच सुचवू. आडव्या ठेवलेल्या दोन विटांची उंची साधारण सहा इंच भरते, पण फरशीवर विटा घसरतात आणि झिजतात. सुताराकडून पाच इंच चौरस बुडाचे लाकडी ठोकळे करून घ्यावेत, वर खूर बसेल अशी अर्ध्या इंचाची खाच आणि खाली रबर. पायाकडची बाजू भिंतीला टेकवावी. पायाशी घट्ट लोड ठेवला की तळवे त्यावर टेकतात आणि घसरणं थांबतं. गुडघ्यांखाली मोठी उशी मात्र नको, गुडघे वर आले की मांड्या पोटावर येतात.

सामान ठेवायचा बॉक्सबेड असेल तर खूरच नसतात. मग गादीखाली प्लायवूडचा उतार घालावा लागतो. कापसाची गादी त्यावर नीट पसरते. काथ्याची कडक गादी उताराच्या तोंडाशी पूल करते आणि खाली पोकळी राहते, तिथे कंबर लटकते.

भाड्याने मिळणारा फाऊलर बेड, म्हणजे हँडल फिरवून पाठ उचलता येणारा दवाखान्यातला पलंग, घेताना काळजी हवी. त्याची पाठ बिजागरीवर उठते आणि ती बिजागरी सरासरी उंचीच्या माणसाच्या जांघेशी येईल अशी असते. उंची घटलेली व्यक्ती खाली घसरली की बिजागरी तिच्या पोटाच्या मधोमध येते. दर वेळी पाठ उचलण्याआधी तिला वर सरकवून घ्यावं, एका हँडलचा सेमी-फाऊलर असेल तर मांड्यांखाली पातळ उशी द्यावी, दोन हँडलचा असेल तर आधी गुडघ्यांचा भाग किंचित उचलावा आणि मग पाठ. रात्री ३० अंशांच्या वर जाऊ नये. अख्खा पलंग तिरपा होणारा, पाच हालचालींचा बेड भाड्याने मिळाला तर तोच घ्यावा.

कूस कोणती? डावी. डाव्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या आम्लाच्या पातळीच्या वर राहतं, उजव्या कुशीवर ते त्यात बुडतं. पाठीचा बाक बाजूला असेल, म्हणजे एका बाजूच्या फासळ्या बाहेर आल्या असतील आणि त्या डाव्या असतील, तर कमरेच्या खळग्यात घडी केलेला टॉवेल दिल्याशिवाय डावी कूस सोसत नाही.

बसायच्या जागा

व्हरांड्यातली कापडाची आरामखुर्ची जेवणानंतर बाकदार पाठीच्या माणसाला देऊ नये. झोळीत धड इंग्रजी सी सारखं वळतं, फासळ्या मांड्यांकडे येतात, वरून डुलकी लागते. रिक्लायनरचं तेच, फक्त किंमत जास्त. पलंगावर ठेवायचा घडीचा लोखंडी पाठटेका तर दुमड थेट बरगडीखाली पाडतो. सीटची उंची सतराएक इंच, सरळ पाठ, हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे आणि पोकाच्या खाली कमरेच्या खळग्यात पातळ उशी, अशी साधी लाकडी खुर्ची सगळ्यांत बरी. पोकाच्या मागे उशी ठेवली तर माणूस आणखी पुढे ढकलला जातो, हे लक्षात घ्यावं.

पाटावर मांडी घालून जेवायची सवय मोडायला जड जातं. पण ताट जमिनीवर असलं की प्रत्येक घासाला वाकावं लागतं आणि तुंबलेल्या जठरावर वरून दाब बसतो. टेबलावर दोन्ही कोपरं टेकली की धड हातांवर उचललं जातं, पोटाला जागा मिळते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, अर्धी वाटी मऊ मेतकूट भात, कुस्करलेली भाकरी दुधात किंवा आमटीत, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील. पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळात. शेवटचं खाणं आणि आडवं होणं यांत तीन तास.

संडासातलं पायाखालचं स्टूल चांगली वस्तू आहे, पण सरसकट नाही. कमोडवर सहा-सात इंची स्टूल ठेवून पाय उचलले की मलमार्ग सरळ होतो आणि जोर कमी लागतो. आठ-नऊ इंची स्टूल बाकदार माणसाच्या मांड्या पोटावर आणतं, तोल पुढे जातो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी सर्जनना विचारल्याशिवाय वापरू नये. स्टूलआधी भिंतीला धरायची दांडी बसवावी.

औषधाच्या दुकानातून

फसफसणारं सोड्याचं चूर्ण अशा पोटात गॅसच भरतं, शिवाय त्यात सोडियम असतं. बीपी असलेल्यांनी रोज घेऊ नये. ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड बद्धकोष्ठ वाढवतं, मॅग्नेशियमचं पातळ करतं. अल्जिनेट असलेलं पातळ औषध जेवणानंतर घेतलं तर आम्लावर तरंगणारा थर तयार करतं, बसून राहिलं तरच त्याचा उपयोग.

इसबगोल घरोघरी झोपताना कोमट पाण्यातून घेतात. घशाशी येणाऱ्या माणसासाठी ही वेळच चुकीची. फुगणारी भुकटी, पेलाभर पाणी आणि लगेच आडवं! संध्याकाळी पाचच्या सुमारास एक चमचा, २०० ते २५० मिली पाण्यातून, ढवळल्याबरोबर प्यावं आणि वर अर्धा पेला पाणी. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं. अन्न अडकल्यासारखं वाटत असेल तर इसबगोल मुळीच नको, ते अन्ननलिकेतच फुगून बसू शकतं.

हाडांसाठीची आठवड्याची गोळी, ७० मिलिग्रॅमची अलेन्ड्रोनेट, हा वेगळा विषय आहे, पण तक्रार पोटाचीच येते. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा नाही, दूध नाही. नंतर किमान ३० मिनिटं सरळ बसायचं. बाक इतका की सरळ बसताच येत नाही, किंवा मोठा हर्निया आहे, अशा माणसाच्या अन्ननलिकेत गोळी रेंगाळली की तिथे जखम होते. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावं. वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन किंवा सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम डेनोसुमॅबचं इंजेक्शन असे पर्याय आहेत. डेनोसुमॅबची तारीख मात्र चुकवायची नाही, बंद पडलं की मणके भराभर दबू शकतात. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, सायट्रेटबद्दल विचारावं. ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामकाने पोट अडतं, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध त्यासोबतच सुरू करून घ्यावं.

काळी डांबरासारखी शौच, कारण न कळता हिमोग्लोबिन उतरणं, अन्न अडकणं, वजन घटणं ही लक्षणं उशीने जाणारी नाहीत. मोठ्या हर्नियाच्या कडेला जठरावर ओरखडे पडून सावकाश रक्त जात राहतं, आणि घरी ते अशक्तपणावर ढकललं जातं. छातीखाली अचानक भयंकर दुखून उमासे येतायत पण उलटी पडत नाही, तेव्हा छातीत सरकलेल्या जठराला पीळ पडलेला असू शकतो. तासाभरात रुग्णालय गाठावं. छातीत दुखणं हृदयाचंही असू शकतं, ते ॲसिडिटी म्हणून घरी ठेवू नये. बद्धकोष्ठासोबत पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं.

राहिली खरेदी. अंगाला लागलेला पट्टा दुकानदार सहसा परत घेत नाहीत, ऑनलाइनही उघडलेलं पाकीट नाकारलं जातं. म्हणून माणसाला सोबत नेणं उत्तम, तेही जेवून तासभर झाल्यावर. दुकानात उभं करून पट्टा लावतात आणि आरशात पाठ छान सरळ दिसते. तिथेच खुर्ची मागावी, दहा मिनिटं बसवावं, एकदा खोकायला आणि एकदा खाली पडलेली चप्पल उचलावी तसं किंचित वाकायला सांगावं. मणका ताजा दबला असेल तर वाकवू नये, खोकला पुरे. पट्टा वर सरकला, श्वास अर्ध्यावर अडला किंवा तोंडात आंबट आलं, तर पैसे देण्याआधीच तो काढून काउंटरवर ठेवावा.